आधी नमुना, मग सुई!

दगडी झालेल्या गायी-म्हशीला कोणते औषध लागू पडेल, हे प्रयोगशाळा सांगू शकते. मात्र दूध वेळेवर तिथे पोचले पाहिजे

पहाटेची वेळ. नेहमीप्रमाणे बादली घेऊन तुम्ही गायीखाली बसता. कास धुता, सडाला हात लावता आणि गाय लाथ उचलते. कालपर्यंत गरीब असलेली गाय आज कासेला हात लावू देत नाही. मागचा उजवा सड गरम लागतो, त्या बाजूची कास दगडासारखी कडक झालेली असते. कशीबशी धार काढावी तर दुधाऐवजी पिवळट पाणी आणि त्यात दह्यासारख्या गाठी. काय झाले ते कोणी सांगायला नको. गावात याला ‘दगडी’ म्हणतात, काही भागांत ‘काससुजी’ म्हणतात, डॉक्टर लोक ‘कासदाह’ म्हणतात.

पुढे काय होते तेही तुम्हाला ठाऊक आहे. शेजारी येऊन सांगतो, “अहो, मागच्या महिन्यात आमच्या जर्सीला हेच झालं होतं. तीच बाटली आणा, दोन दिवसांत गाय मोकळी होते.” मेडिकलमधून बाटली येते. कोणीतरी टोचून देतो. दोन दिवसांत सूज थोडी उतरते, दूध जरा बरे दिसते. खर्च वाचला म्हणून तिसरे इंजेक्शन राहून जाते. आठवड्याने पुन्हा गाठी. मग दुसरे औषध, सडात ट्यूब, मग तिसरे महागडे औषध. एवढे सगळे झाल्यावर कोणीतरी म्हणतो, “एकदा दूध तपासायला पाठवा की.” दूध जाते आणि तीन दिवसांनी कागद येतो : ‘जंतूंची वाढ आढळली नाही.’ सड मात्र कायमचा बसलेला असतो. चार सडांची गाय तीन सडांची होते आणि बाजारात तिची किंमत त्या हिशेबाने पडते.

तपासणी खोटी नव्हती. ती उशिरा झाली होती. औषधांचा मारा झाल्यावर घेतलेल्या दुधात जंतू अर्धमेले असतात, शिवाय दुधात औषधही उतरलेले असते. अशा दुधातून प्रयोगशाळेत काही उगवले नाही तर दोष कोणाचा? म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे. आधी नमुना, मग सुई. हा क्रम पाळला तर औषध, पैसा, सड आणि गाय, सारेच वाचण्याची शक्यता वाढते.

माती तपासता, मग दूध का नाही?

आपल्याकडे माती परीक्षणाचे महत्त्व आता नव्याने सांगावे लागत नाही. जमिनीत पालाश भरपूर असताना पालाशच टाकत राहिलो तर पैसा मातीत जातो, हे आपण शिकलो. कासेचेही तसेच आहे. दगडी हे नाव एक, पण ती करणारे जंतू अनेक. स्टॅफिलोकोकस नावाचे गोल जंतू सडाच्या भेगांत, धार काढणाऱ्याच्या हातावर आणि आजारी कासेत राहतात. स्ट्रेप्टोकोकस माळेसारखे दिसतात. त्यांच्यातले काही एका गायीकडून दुसरीकडे हाताने किंवा यंत्राने जातात, काही गोठ्यातल्या गव्हाणीपासून बसायच्या जागेपर्यंत कुठेही असतात. ई. कोलाय शेणातला. ओल्या गोठ्यात बसलेल्या गायीच्या सडातून तो आत शिरतो आणि एका रात्रीत गाय आडवी करू शकतो.

बाहेरून पाहता तिघांतही कास सुजते आणि दूध फाटते. पण साधे पेनिसिलीन बहुतेक स्ट्रेप्टोकोकसवर चालते, काही स्टॅफिलोकोकस त्याला मुळीच जुमानत नाहीत आणि ई. कोलायवर त्याचा उपयोग होत नाही. नुसत्या डोळ्याने हे ओळखता येत नाही. जाणता डॉक्टर लक्षणांवरून अंदाज बांधतो आणि तो पुष्कळदा बरोबर येतोही. पण अंदाज तो अंदाज. शेजाऱ्याच्या गायीला चाललेले औषध तुमच्या गायीला चालेलच, असे सांगणारा तर अंदाजही बांधत नसतो.

जंतू औषधाला दाद का देत नाहीत?

कापूसवाल्यांना हे लगेच पटेल. बोंडअळीला मारणारे बीटी बियाणे आले तेव्हा फवारण्या कमी झाल्या. पण लाखो अळ्यांत एखादी अशी निघते की तिला ते विष बाधत नाही. बाकीच्या मरतात, ती उरते, तिचीच प्रजा वाढते. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीचीच बोंडे पोखरली, ती याच वाटेने.

जंतूंचा वेग अळीपेक्षा फार मोठा. ई. कोलायला पोषक जागा मिळाली तर तो साधारण २० मिनिटांत एकाचे दोन होतो. हिशेब करून बघा. एका जंतूपासून सात तासांत वीस लाखांवर जंतू होतात. त्यांत औषधाला न जुमानणारे थोडेसेच असले, तरी अर्धवट मात्रेने बाकीचे मेले की रान त्यांनाच मोकळे. काही जंतू औषधाचे तुकडे करणारे द्रव्य तयार करतात. स्टॅफिलोकोकसमधले अनेक जंतू पेनिसिलीन असेच निकामी करतात. काही जंतू आत शिरलेले औषध बाहेर फेकतात. शिवाय ही विद्या एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलासुद्धा.

हा धोका नवा नाही. १९२८ साली पेनिसिलीनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पुरस्काराच्या भाषणातच बजावले होते, की औषध अपुऱ्या मात्रेत वापरले तर जंतू मरणार नाहीत, उलट औषधाला सरावतील. तिसऱ्या दिवशीचे इंजेक्शन चुकवताना आपण नेमके तेच करत असतो.

प्रयोगशाळेत काय करतात?

या तपासणीला इंग्रजीत ‘कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी’ म्हणतात, बोलताना सगळे ‘कल्चर’च म्हणतात. तिचे दोन भाग आहेत. जंतू कोण, हा पहिला भाग. त्याला कोणते औषध मारते किंवा रोखते, हा दुसरा.

तुमच्या बाटलीतले थेंबभर दूध तारेच्या कडीने एका चपट्या काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीत रेघा ओढल्यासारखे पसरतात. बशीत समुद्री शेवाळापासून काढलेल्या अगरची खीर गोठवलेली असते आणि जंतूंना आवडेल असे खाद्य तिच्यात घातलेले असते. ही बशी ३७ अंश सेल्सिअसच्या पेटीत ठेवतात. एक दिवसाने, कधी दोन दिवसांनी, रेघांवर बारीक ठिपके दिसू लागतात. एकेक ठिपका म्हणजे जंतूंची एकेक वसाहत. ठिपक्याचा रंग आणि आकार, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे रूप आणि काही रासायनिक चाचण्या यांवरून जंतू कोण ते ठरते.

मग दुसरा भाग. त्या वसाहतीतले जंतू खारट पाण्यात मिसळून ठरावीक गढूळपणा येईपर्यंत पातळ करतात. गढूळपणा मापाचा लागतो. बियाणे दाट पेरले की पीक वेगळे दिसते, विरळ पेरले की वेगळे, तसेच हे आहे. मग निर्जंतुक कापसाच्या काडीने ते पाणी दुसऱ्या बशीभर सारखे माखतात. या बशीतले खाद्यही ठरलेले असते आणि थराची जाडी साधारण ४ मिलिमीटर. स्ट्रेप्टोकोकस नखरेबाज असल्याने त्याच्यासाठी खाद्यात मेंढीचे रक्तही घालावे लागते. त्यावर ६ मिलिमीटरच्या कागदी टिकल्या ठेवतात. प्रत्येक टिकलीत एकेक औषध, तेही मोजून.

रात्रभरात, म्हणजे १६ ते १८ तासांत, गंमत दिसते. टिकलीतले औषध खिरीत चहूकडे झिरपते. टिकलीजवळ ते दाट, लांब जावे तसे विरळ. जिथवर औषध जंतूला रोखू शकते तिथवर काहीच उगवत नाही आणि टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ राहते. पलीकडे जंतूंची साय धरलेली असते. औषध अगदीच निरुपयोगी असेल तर साय थेट टिकलीला येऊन भिडते. मग त्या वर्तुळाचा व्यास पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतात. बॉवर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये ही पद्धत नीट बांधून दिली. जगभरच्या प्रयोगशाळांत ती आजही वापरतात, कारण ती स्वस्त आहे आणि डोळ्यांना दिसते.

मोठे वर्तुळ म्हणजे भारी औषध नव्हे

इथे पुष्कळांची फसगत होते, म्हणून थोडे थांबू. बशीचा फोटो पाहिला की वाटते, ज्याचे वर्तुळ सर्वांत मोठे ते औषध सर्वांत चांगले. तसे नाही. काही औषधे खिरीत भराभर पसरतात, काही हळू. टिकलीत औषधाचे प्रमाणही वेगवेगळे असते. म्हणून प्रत्येक औषधाचे आणि जंतूचे माप वेगळे ठरवून दिलेले आहे.

उदाहरण घ्या. स्टॅफिलोकोकस जंतूवर पेनिसिलीनचे वर्तुळ २६ मिलिमीटर आले आणि टेट्रासायक्लिनचे २१. पाहणारा म्हणेल, पेनिसिलीनच द्या. पण प्रचलित तक्त्याप्रमाणे या जंतूसाठी पेनिसिलीनचे वर्तुळ किमान २९ मिलिमीटर हवे. २६ म्हणजे नापास. टेट्रासायक्लिनला १९ मिलिमीटर पुरतात. २१ म्हणजे पास. उसाचा आणि हरभऱ्याचा एकरी उतारा एकाच मापाने मोजत नाहीत, तसेच हे.

म्हणून रिपोर्टमध्ये औषधापुढे एस, आय किंवा आर अशी खूण असते. एस म्हणजे जंतू त्या औषधाला बळी पडतो. आर म्हणजे दाद देत नाही. आय म्हणजे अधलेमधले, त्याचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

आणखी एक गोष्ट. बशीत चाललेले औषध कासेत चालेलच, अशी हमी नाही. जेंटामायसिन बशीत छान वर्तुळ दाखवते, पण मानेत टोचल्यावर रक्तातून कासेच्या दुधात ते फारसे उतरत नाही. जुनाट दगडीत कासेच्या आत घट्ट गाठी होतात आणि जंतू त्यांत दडून बसतात. तिथवर औषध पोचत नाही. म्हणून रिपोर्ट हातात आला की थेट मेडिकलकडे जाऊ नका, डॉक्टरांकडे जा. ‘आर’ लिहिलेले औषध बाद करायला रिपोर्ट पुरेसा असतो. ‘एस’ लिहिलेल्यांतून कोणते, किती, कुठून आणि किती दिवस द्यायचे, ते डॉक्टर ठरवतील.

नमुना कसा घ्यावा?

सारी तपासणी या पाच मिनिटांवर उभी आहे. शेणाचा एक कण बाटलीत गेला तर प्रयोगशाळेत शेणातलेच जंतू उगवतील आणि तुमच्या गायीला नसलेल्या रोगाचे औषध मिळेल. शक्यतो डॉक्टरांना किंवा पशुधन पर्यवेक्षकांना नमुना घेऊ द्या. स्वतः घ्यायची वेळ आली तर असे करा.

बाटली निर्जंतुक हवी. टॉनिकची किंवा औषधाची धुतलेली बाटली चालत नाही. दवाखान्यातून आधीच मागून ठेवा. हात साबणाने धुवा. कास मळलेली असेल तर धुऊन पूर्ण कोरडी करा, कारण ओल्या कासेवरून ओघळणारे पाणी बाटलीत घाण घेऊन येते. पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढून टाका, जमिनीवर नको. मग स्पिरिटच्या बोळ्याने सडाचे टोक घासून पुसा. बोळा मळला तर नवा घ्या आणि बोळा पांढरा राहीपर्यंत पुसा. एका सडाचा बोळा दुसऱ्याला लावू नका. दोन-तीन सडांचे नमुने घ्यायचे असतील तर पुसताना लांबचे सड आधी पुसा आणि धार घेताना जवळचे सड आधी घ्या, म्हणजे पुसलेल्या सडाला हात घासत नाही.

स्पिरिट वाळू द्या. बाटली आडवीच्या जवळपास तिरकी धरा, झाकण उलटे, आतली बाजू जमिनीकडे करून हातातच ठेवा. आत बोट लावू नका. सडाचे टोक बाटलीला टेकू देऊ नका. ५ ते १० मिलिलिटर दूध पुष्कळ झाले. लगेच झाकण लावा. प्रत्येक सडाला वेगळी बाटली.

बाटलीवर लिहा : मालकाचे नाव, गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, कोणता सड, तारीख आणि वेळ. सोबतच्या चिठ्ठीत गाय कधी व्याली, आजार कधीपासून आहे आणि गेल्या काही दिवसांत कोणकोणती औषधे दिली ते लिहा. औषध दिले असेल तर लपवू नका. ते लपवून रिपोर्ट चुकला तर नुकसान आपलेच.

बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी, फार तर २४ तासांत, प्रयोगशाळेत पोचेल असे पाहा. मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर तापलेले दूध पाठवण्यापेक्षा न पाठवलेले बरे.

“पण तीन दिवस गाय थांबेल का?”

हा प्रश्न रास्त आहे. जंतू उगवायला एक-दोन दिवस, औषधांची चाचणी लावायला आणि वाचायला आणखी एक. वाटेतला वेळ धरला तर रिपोर्टला तीन-चार दिवस लागतात. गायीला ताप आहे, चारा सोडला आहे, कास लाल झाली आहे, अशा वेळी हात बांधून बसायला कोणीच सांगणार नाही. वाट पाहायचीही नाही. डॉक्टर येतात, आधी नमुना घेतात आणि लगेच आपल्या अंदाजाने उपचार सुरू करतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रिपोर्ट येतो. अंदाज बरोबर असेल तर तेच औषध पूर्ण करायचे. चुकला असेल आणि गायीला उतार नसेल तर औषध बदलायचे, पण आता अंधारात नाही. सुईआधीची ही पाच मिनिटे गायीला महाग पडत नाहीत.

गाय खातेपिते आहे, ताप नाही, फक्त दुधात थोड्या गाठी आहेत, अशा सौम्य आजारात प्रतिजैविक लगेच द्यायचे की रिपोर्टची वाट पाहायची, हेही डॉक्टर ठरवू शकतात. सौम्य आजारात काही गायी स्वतःच्या ताकदीने जंतूला हटवतात. तेव्हा वारंवार दूध पिळून काढणे आणि सूज उतरवणारे औषध एवढ्यानेही काम भागते. पण हा निर्णय आपण घरी घ्यायचा नाही.

आजार दिसण्याआधीही तो ओळखता येतो. कास चांगली, दूध चांगले, पण फॅट आणि डिग्री उतरत चालली आहे, अशी ‘छुपी दगडी’ गोठ्यात पुष्कळ असते. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा. एका सडाचे थोडे दूध आणि तेवढेच हे पाणी पांढऱ्या बशीत हलवा. मिश्रण शेंबडासारखे घट्ट झाले तर त्या सडात बिघाड आहे असे समजा आणि डॉक्टरांना दाखवा. ही चाचणी फक्त बिघाड सांगते. जंतू कोणता आणि औषध कोणते, ते सांगत नाही.

कागदावर काय लिहिले आहे?

‘वाढ आढळली नाही’ असे आले तर घाबरू नका आणि प्रयोगशाळेला नावेही ठेवू नका. आधी औषध दिलेले असेल, गायीनेच जंतू मारले असतील किंवा नेहमीच्या खाद्यावर न उगवणारा जंतू असेल. डॉक्टर गरज वाटल्यास पुन्हा नमुना मागतील.

‘अनेक प्रकारचे जंतू’ किंवा ‘दूषित नमुना’ असे आले तर बहुधा धार घेताना घाण गेली. अशा रिपोर्टवर औषध ठरवायचे नसते, नमुना पुन्हा घ्यायचा असतो.

एक जंतू आणि त्यापुढे औषधांची यादी आली तर तो कामाचा रिपोर्ट. तो जपून ठेवा. पुढच्या वेताला त्याच गोठ्यात दगडी झाली तर डॉक्टरांना हा कागद दाखवा. मात्र जुन्या कागदावरून स्वतः औषध आणू नका. जंतू बदललेला असू शकतो.

दूध शेवटी कोणाच्या घरी जाते?

औषध चालू असताना आणि संपल्यावरही काही काळ ते दुधात उतरते. ट्यूब एकाच सडात सोडली तरी चारही सडांचे दूध बाजूला ठेवायचे असते. किती दिवस, ते औषधाच्या वेष्टणावर लिहिलेले असते. तसा कालावधी ठरवलेला नसेल तर दुधासाठी किमान ७ दिवस धरावेत, असा नियम केंद्र सरकारने २०१२ साली केला आहे. दूध उकळल्याने जंतू मरतात, पण सगळी औषधे नाहीशी होत नाहीत. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही, हे घरातल्या बाईमाणसाला विचारा, ती सांगेल. जिथे दह्याचे जंतू मरतात तिथे ते दूध पिणाऱ्या लेकराच्या पोटात काय होत असेल, याचा विचार करावा. हे दूध वासराला पाजण्याआधीही डॉक्टरांना विचारा.

गोठ्यातले जंतू गोठ्यातच राहतात असे नाही. हातावरून, शेणातून, पाण्यातून ते घरात येतात. माणसांच्या दवाखान्यात जी प्रतिजैविके वापरतात त्यांतली अनेक जनावरांनाही दिली जातात. कोलिस्टिन हे औषध अगदी शेवटच्या टोकाला पोचलेल्या रुग्णासाठी राखून ठेवलेले. कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यातून त्याचा वापर वाढल्याने २०१९ साली केंद्र सरकारला अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्यावर बंदी घालावी लागली. उद्या घरातल्या म्हाताऱ्याला किंवा बाळंतिणीला ताप आला आणि औषध चालले नाही, तर त्याची सुरुवात कदाचित आपल्याच गोठ्यात झालेली असेल.

संस्था आणि ग्रामपंचायत काय करू शकतात?

एकट्या शेतकऱ्याला एक बाटली घेऊन शंभर किलोमीटर जाणे परवडत नाही, हे खरे आहे. इथेच गावाचा उपयोग. दूध संस्थेत वीस-पंचवीस निर्जंतुक बाटल्या, स्पिरिट, कापूस आणि बर्फाचा एक डबा ठेवायला मोठा खर्च नाही. दुधाची गाडी रोज तालुक्याला जातेच. आठवड्यातले दोन दिवस ठरवून त्या गाडीतून नमुने दवाखान्यापर्यंत पोचवता येतील. सचिव आणि पशुधन विकास अधिकारी यांनी एकत्र बसून हे एकदा ठरवावे.

पुण्याला औंध येथे पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे. परभणी, उदगीर, शिरवळ, नागपूर, मुंबई येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. आपल्या भागातले नमुने कुठे घेतात, कोणत्या वारी घेतात आणि शुल्क किती, हे दवाखान्यात आधीच विचारून संस्थेच्या फळ्यावर लिहून ठेवा. गाय आजारी पडल्यावर चौकशी सुरू केली तर पहिली सुई तोवर टोचून झालेली असते.

आणखी एक काम करावे. येणाऱ्या रिपोर्टची संस्थेत एक वही ठेवावी. तारीख, जंतू, चाललेली औषधे, न चाललेली औषधे. वर्षभरात वीस-तीस नोंदी झाल्या की गावाचे चित्र दिसू लागते. एखादे औषध आपल्या गावात बहुतेक ठिकाणी नापास होते आहे, असे त्या वहीतून कळले तर डॉक्टरांचा पहिला अंदाजही सुधारेल. पाऊस मोजतो, विहिरीची पातळी मोजतो, तशी ही गावाच्या गोठ्यांची नोंद. सरपंच आणि ग्रामसेवकांनी हा विषय एकदा ग्रामसभेत घ्यावा. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके विकू नयेत, हेही गावातल्या दुकानदाराला ग्रामसभेनेच सांगितलेले बरे.

शेवटी, दगडी होऊच नये हे सर्वांत स्वस्त. गोठा कोरडा ठेवा, अंगठा मुडपून धार काढू नका, आजारी गायीची धार सर्वांत शेवटी काढा, धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवा आणि गायीपुढे चारा टाका म्हणजे सडाची तोंडे मिटेपर्यंत अर्धा तास ती उभी राहील. एवढे करूनही एखाद्या पहाटे कास कडक लागलीच, तर बाटलीआधी बाटली आठवा. औषधाच्या बाटलीआधी नमुन्याची बाटली.

लक्षात ठेवा

• पहिल्या इंजेक्शनाआधी आणि पहिल्या ट्यूबआधी दुधाचा नमुना घ्या.
• निर्जंतुक बाटली, कोरडी कास, स्पिरिटने पुसलेला सड, बर्फाचा डबा.
• नमुना घेतला की उपचार लगेच सुरू करा. रिपोर्टसाठी आजारी गाय ताटकळत ठेवू नका.
• वर्तुळ किती मोठे ते पाहू नका. औषधापुढे एस आहे की आर ते पाहा आणि कागद डॉक्टरांना दाखवा.
• सुरू केलेले औषध डॉक्टरांनी सांगितलेले सर्व दिवस द्या.
• औषध चालू असताना आणि वेष्टणावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत दूध संस्थेत घालू नका.